चोवीस नंबरची सून

आखन, २५ सप्टेंबर २०१६

आई,

साष्टांग नमस्काराने सुरुवात करावी असं आपल्यात सध्या काही उरलेलं नाही, म्हणून सांगायचं ते पहिल्याच ओळीत सांगते. तुमच्या मुलाने मला मारलेलं नाही. कधीच नाही.

तुम्ही फोन उचलत नाही. तुमच्या लेकीनेच, लतिकाताईंनी, सांगितलं, आम्हा दोघांचेही नंबर तुम्ही ब्लॉक करून टाकलेत. पण पत्र सांगलीला पोचेल आणि तुम्ही ते वाचाल. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं सिस्टर होतात. हातात आलेला कागद न वाचता बाजूला ठेवायची सवय तुम्हाला नाही.

माझ्या अंगावर तुम्ही जे पाहिलंत ते सगळं खेळातलं आहे. मी अमेरिकन फुटबॉल खेळते. पायाने खेळतात तो नव्हे. यात लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं असतं, आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी आडवं करायचं असतं. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, तरी दंड, बरगड्या आणि मांड्या उघड्याच पडतात. कोलोनच्या बायकांच्या संघात मी अडीच वर्षं आहे. मंगळवारी आणि गुरुवारी मी ‘जर्मनच्या क्लासला’ जात होते ना, ते तिथे. जर्मन मी मैदानावरच शिकले, त्यामुळे तेवढं अगदीच खोटं नव्हतं.

माझ्या जागेला कॉर्नरबॅक म्हणतात. मैदानाच्या अगदी कडेला उभं राहायचं. समोरच्या संघातली सगळ्यात वेगाने पळणारी बाई आपल्या वाट्याला येते. ती पुढे धावते आणि आपण तिच्याकडे तोंड करून उलटं धावायचं. चेंडू तिच्या हातात पडू द्यायचा नाही, आणि पडलाच तर तिथल्या तिथे तिला खाली आणायचं. इस्लामपूरला कॉलेजात मी कबड्डीत डावा कोपरा होते हे तुम्हाला माहीत आहे. बघायला आलात तेव्हा माझ्या उजव्या कोपरावरची लांब खूण बघून तुम्हीच विचारलं होतंत. मी अभिमानाने सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, “ते झालं ते झालं. आमच्याकडे मोडकी-तोडकी सून चालायची नाही हं.” सगळे हसले. मीही हसले. म्हणून तुमच्यापासून लपवलं.

प्रसन्नला मी शपथ घातली होती की तुम्हाला सांगायचं नाही. (तुमच्यासमोर मी त्याला ‘हे’ म्हणायचे. इथे नावानेच लिहिते.) आठ-दहा दिवसांच्या बाहेरगावच्या कामावरून तो घरी आला त्या रविवारी बॅग अजून त्याच्या हातात होती. तुम्ही दारातच होतात. “हात दाखव,” म्हणालात. त्याने पंजा पुढे केला. तुम्ही तो उलटा-सुलटा करून पाहिलात आणि त्याच्या थोबाडीत दिलीत. “माझ्या घरात हे चालायचं नाही,” म्हणालात. घर त्याचं होतं, पण ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिला. शपथ पाळली त्याने. मला बोलायला वेळच मिळाला नाही. तुम्ही खोलीत जाऊन कडी लावलीत आणि मंगळवारच्या विमानाने निघून गेलात. तिकीट ऑक्टोबरअखेरचं होतं.

त्याला एवढी शिक्षा नको. बोला त्याच्याशी.

खोटं बोलले त्याची माफी मागते. खेळते त्याची मागणार नाही.

उल्का


आखन, २२ जानेवारी २०१७

आई,

लतिकाताईंचा फोन आला. तुम्ही म्हणालात म्हणे, “असली पत्रं मी वॉर्डात ढिगाने वाचलीत. नवरा शेजारी बसून लिहून घेतो.”

चार महिने वाट पाहिली ती हे ऐकायला. मी इतकी चिडले की ताईंशीही नीट बोलले नाही. माझ्या शेजारी कुणी बसलेलं नाही. मी इथल्या लायब्ररीत बसून लिहितेय आणि समोर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचता वाचता पेंगतायत.

तर हे घ्या. सोबत माझ्या खेळाडू-पासची प्रत आहे, फोटो आणि जन्मतारखेसकट. दुसरं आहे कोलोनच्या एका स्थानिक पेपरातलं कात्रण. मधली पालथी पडलेली बाई पाहुण्या संघाची, आणि तिच्या कमरेला मिठी मारून पडलेली चोवीस नंबरची ती मी. हेल्मेटच्या जाळीमागे तोंड दिसत नाही, तेव्हा तुम्ही म्हणाल कुणीही असेल. उजवं कोपर बघा. भिंग घेऊन बघा.

आणि आता मी काय खेळते ते नीट ऐका, कारण ‘नवऱ्याला वाचवायला बायकोने रचलेली गोष्ट’ म्हणून ते उडवून लावलेलं मला चालणार नाही.

२०१४ च्या मार्चपर्यंत मी इथे वर्षभर घरातच बसून होते. माझ्या डिप्लोमाची कागदपत्रं एका ऑफिसातून दुसऱ्यात फिरत होती. एकदा कोलोनला ऱ्हाइनच्या काठी वीसेक बायका चिखलात एकमेकींना पाडताना दिसल्या. मी कठड्याशी तासभर उभी होते. त्यांची कोच, हाइके, पन्नाशीची, भरड्या आवाजाची. ती जवळ आली आणि म्हणाली, “बघायचंय की खेळायचंय?” मला त्यातला एकच शब्द कळला, श्पीलन, खेळणं. मी चपला काढल्या. तिने एक धिप्पाड पोरगी माझ्या अंगावर सोडली. मी वाकून तिचा घोटा धरला आणि ती आडवी. हाइकेने घोट्याकडे बोट दाखवून विचारलं, “हे कुठे शिकलीस?” मी सांगितलं, इस्लामपूर.

पहिला सामना २०१५ मध्ये. माझ्या बाजूने तीन टचडाउन झाले. टचडाउन म्हणजे समोरच्या बाईने चेंडू घेऊन थेट आपली शेवटची रेघ ओलांडली. इतर जागांवर चुकलं तर गर्दीत झाकून जातं. कॉर्नर चुकला की अख्ख्या मैदानाला दिसतं, मागे आवरायला कुणीच नसतं. तिसऱ्यांदा ती बाई मला मागे टाकून गेली तेव्हा त्यांच्या बाकावरच्या पोरी हसल्या. मी हाइकेला म्हटलं, मला काढ. ती म्हणाली, “नाही. तू तिच्या डोळ्यांकडे बघतेस. कमरेकडे बघ. आणि मागची खेळी विसर. ज्या कॉर्नरला मागची खेळी आठवते ती पुढची हरते.” चौथ्या वेळी मी कमरेकडे पाहिलं. चेंडू तिच्यासाठी आला होता, तो मी घेतला. मी काही धावले वगैरे नाही, घेऊन खाली पडले आणि कुणी ओढला तरी सोडला नाही. सामना आम्ही हरलो. पण घरी येताना गाडीत मी एकटीच हसत होते.

गेल्या वर्षी सगळे सामने मी पहिल्या अकरांत होते. हे मी सोडणार नाही. तुमच्यासाठी नाही, प्रसन्नसाठी नाही.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रात मी खोटी लिहिली. मला बोलायला वेळ मिळाला नाही असं लिहिलं होतं. वेळ होता. आठ दिवस होते.

त्या शनिवारी डबा काढायला मी हात वर केला, बाही सरकली, आणि तुम्ही पाहिलंत. “काय झालं?” मी म्हटलं, बाथरूममध्ये घसरले. हे वाक्य मी जगात कुणालाही सांगायला हरकत नव्हती, तुम्ही सोडून. तुमचा चेहरा एकदम दवाखान्यातला झाला. तुम्ही मला खोलीत नेलंत, पाठ बघितलीत, बरगडी दाबून बघितलीत. “हे पिवळं पडलंय, हे आठवड्याचं. दंडावरचं ताजं.” मग काही न विचारता लेप लावलात. रोज सकाळ-संध्याकाळ लावलात. मला बसवून जेवायला वाढलंत. एकदा म्हणालात, “मी छत्तीस वर्षं केसपेपरवर ‘पडल्यामुळे’ असं लिहिलेलं बघत आले. डॉक्टर लिहायचे, मी पट्टी बांधायचे. एकदाही तोंड उघडलं नाही. आता उघडणार.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तुम्ही पहिल्यांदाच माझ्या बाजूला उभ्या होतात. मला ते सोडवेना. ही माझी चूक. लिहून ठेवते.

उल्का


कोलोन, १७ जून २०१८

आई,

वरचं गाव बघितलंत? मी आता इथे राहते. एका इंजिनियरिंग ऑफिसात ड्रॉइंगचं काम मिळालंय, मैदान सायकलने दहा मिनिटांवर आहे. एकटी राहते.

तुमचं पत्र एप्रिलमध्ये आखनला आलं. पाकिटावर प्रसन्नचं नाव होतं, पण त्याने मलाही दाखवलं. कात्रण आणि पास घेऊन तुम्ही तुमच्या जुन्या सर्जन साहेबांकडे गेलात, त्यांनी असल्या खेळात असं लागतं म्हणून सांगितलं, हे त्यातूनच कळलं. पुढे तुम्ही लिहिलं होतंत, “बाळा, सगळ्या नोकरीत गप्प बसले आणि बोलले ती एकदाच, तीही पोटच्या पोरावर, खोटं. तुझ्या गालावर मारलेलं माझ्या हाताला अजून लागतं. मला माफ कर. यापुढे कुणाच्या संसारात बोलणार नाही.”

त्याने लगेच तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचललात. मी ओट्याशी फरसबी चिरत होते. तो म्हणाला, “जाऊ दे आई. मी मनात काही ठेवलेलं नाही. वय झालं की होतं असं.” छान समजुतीने बोलला. माझ्या हातातली सुरी थांबली.

तुम्ही ती माफी परत घ्या. तुम्ही चुकला नव्हतात.

पिवळे डाग खेळातले, बरगडीचा मार खेळातला, मांडीवरचं सगळं खेळातलं. दंडावरचं नाही. चार बोटं आणि अंगठा. तुम्ही त्याचा पंजा उलटा-सुलटा करून बघितलात तो उगीच नव्हे. तुम्ही माप घेत होतात, आणि माप जुळलं होतं.

गुरुवार होता, एक सप्टेंबर. तुम्ही बागेत फिरायला गेला होतात. मी खांद्याला बॅग लावून निघाले. प्रसन्न म्हणाला, “सीझन संपला ना? मग आज कशाला? आई आहे तोवर तरी घरी थांब.” मी म्हटलं, मला जायचंय म्हणून. त्याने दंड धरला. थांबवायला धरला हे खरं. पण मी सुटायला बघितल्यावर सोडला नाही, आवळला. आमच्या खेळात एक खेळी सहा-सात सेकंदांत संपते, तेवढा वेळ किती असतो ते मला अंगाने कळतं. हे त्याच्या दुप्पट चाललं. मी “सोड” म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर सोडला आणि म्हणाला, “सॉरी. पण तू ऐकतच नाहीस.” मी ट्रेनिंगला गेले. दुसऱ्या दिवशी तो बाहेरगावी कामावर गेला. तिसऱ्या दिवशी तुम्ही पाहिलंत.

मैदानावर मला धरणारी बाई शिट्टी झाली की सोडते. आणि उठायला हात देते.

म्हणजे दारात तो गप्प राहिला तो शपथेपायी नव्हे. त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. तरी मी तुम्हाला दोन पत्रं लिहून ‘सगळं खेळातलं’ म्हणत राहिले. मागची खेळी विसरायची सवय मी घरात आणली. मैदानावर तिचा उपयोग होतो. घरात तिने तुमचा बळी घेतला.

फोन ठेवल्यावर मी त्याला म्हटलं, “आईंना सांग.”

“काय सांगू?”

“दंडाचं.”

तो खुर्चीवर बसला. “उल्का, एकदा झालं. एकदाच. आता कुठे मिटलंय.”

“आईंनी तुझी माफी मागितली आणि तू ती घेतलीस.”

“मग काय म्हणायला हवं होतं?”

“खरं.”

मी त्याला पंधरा दिवस दिले. रोज वाटायचं, आज सांगेल. दर रविवारी तुमच्याशी बोलायचा, गुडघेदुखी विचारायचा, ते सांगायचा नाही. सोळाव्या दिवशी मी निघाले. त्याने अडवलं नाही. दार उघडून धरलं, आणि तेव्हा रडत होता.

इथले आपले मराठी लोक म्हणतात, एवढ्याशासाठी? प्रसन्नच्या मित्राची, सत्यजितची, बायको तर म्हणाली, “अगं, दंड धरण्यावरून कुणी घर सोडतं का?” मी तिला सांगितलं, दंडावरून नाही सोडलं. माझ्या सासूबाई खरं बोलल्या आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना खोटं पाडलं. त्या घरात मला जेवण जाईना.

कुणाच्या संसारात बोलणार नाही असं तुम्ही लिहिलंय. तेवढं खोडा. तुम्ही बोलायचं. सांगलीत तुमच्या शेजारी-पाजारी एखादी बाथरूममध्ये घसरली, तर तुम्ही तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. तुम्हाला नजर आहे. ती माझ्यामुळे बंद पडली तर मला ते पेलणार नाही.

उल्का


कोलोन, ३१ मार्च २०१९

आई,

लतिकाताईंनी सगळं सांगितलं. प्रसन्न डिसेंबरमध्ये एकटा सांगलीला आला. माझ्या पत्रानंतर सहा महिन्यांनी का होईना, पण स्वतः तोंडाने सांगायला आला, हे मी त्याच्या बाजूने मोजते. तुम्ही त्याला पाणी दिलंत, समोर बसवलंत, शेवटपर्यंत ऐकलंत. ओरडला नाहीत. मग विचारलंत, “माझं पत्र कुठाय?” तो म्हणाला, आखनला, ड्रॉवरमध्ये. तुम्ही म्हणालात, “ते परत पाठव. ते तुझं नाही.”

त्याने जानेवारीत रजिस्टरने पाठवलं. पुढे तुम्ही त्याचं काय केलंत ते ताईंनाही माहीत नाही. एवढं कळलं की कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या एका मुलीला घेऊन तुम्ही गेल्या महिन्यात पोलीस ठाण्यात गेलात आणि तिच्या सासऱ्याने जिन्यात तुम्हाला शिव्या दिल्या. ताई घाबरल्या होत्या. मी ऑफिसात उभी राहून टाळी वाजवली. लोकांनी वळून बघितलं.

माझ्याशी मात्र तुम्ही अजून बोलत नाही. राग आहे, तो असायलाच हवा. त्याने खरं लपवलं, पण खोटं लिहून पाठवलं मी. दोनदा.

प्रसन्न इथे येतो कधीकधी. आम्ही कॉफी घेतो. तो दर आठवड्याला कुठल्याशा गटात जातो, तिथे असलेच पुरुष बसून बोलतात. चांगलं आहे. तो म्हणतो, परत ये. मी नाही म्हटलं. इथे घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, त्याला ट्रेनुंग्सयार म्हणतात. आमचं ते मेमध्ये पुरं होईल. मी सही करणार आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते. आणि उशीर न करता लिहिते.

आता माझं. गेल्या वर्षी आमचा संघ वरच्या गटात चढला. शेवटच्या सामन्यात माझा डावा खांदा निखळला. डॉक्टर म्हणाले, एकतीस वर्षं वय, पुष्कळ खेळलात, आता थांबा. हाइके म्हणाली, “नव्या पोरींना कॉर्नर शिकव. कोच हो.” मी म्हटलं, शिकवीन, आणि खेळीनही. ती म्हणाली, दोन्ही जमत नाही कुणाला. मी सहा महिने फिजिओकडे जाऊन तो खांदा बांधून आणला आणि पहिल्या दिवशी वीस वर्षांच्या पोरीला उलटं पळत गाठलं. हाइकेने माझ्या जर्सीचा नंबर यादीत लिहिला. चोवीसच. गेल्या आठवड्यात संघाने मला डिफेन्सची कॅप्टन केलं. आता मी ओरडते आणि दहा जर्मन बायका माझं ऐकतात. घाईत मी मराठीतच ओरडते. त्यांना ‘डावीकडे’ आणि ‘सोडू नको’ कळायला लागलंय.

दर सीझनला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, नोटफालकोंटाक्ट. मैदानावर काही झालं तर कुणाला कळवायचं. आजवर तिथे प्रसन्न असायचा. या वेळी मी लिहिलं : मनोरमा सूर्यवंशी, सांगली. नातं : श्वीगरमुटर, सासू.

हाइकेने वाचलं. “इंडियात? तिथून ती काय करणार?”

मी म्हटलं, “छत्तीस वर्षं सिस्टर होत्या. तू काय लागलंय ते सांग, त्या तुला काय करायचं ते सांगतील.”

“आणि तुझा तर घटस्फोट होतोय ना? मग त्या सासू कशा?”

“माझ्या आहेत.”

तिने खांदे उडवले आणि शिक्का मारला. सही झाल्यावर कायद्याने तो शब्द खरा राहणार नाही हे मलाही कळतं. मी तो खोडणार नाही. तुम्हाला विचारलं नाही, लिहून मोकळी झाले. नको असेल तर कळवा. पण तेवढ्यासाठी तुम्हाला माझ्याशी बोलावं लागेल.

पहिला सामना चौदा एप्रिलला आहे, तुमच्याकडे संध्याकाळ असेल. काही झालं तर क्लबमधून फोन येईल. त्यांचा नंबर शून्य-शून्य-एकोणपन्नासने सुरू होतो. माझाही त्यानेच सुरू होतो. कुणाचा आहे ते बघत बसू नका. उचला.

उल्का